तिसऱ्या प्रश्नातले आजोबा

आजोबांचं काय करायचं, हा प्रश्न ते गेल्यावर सहा-सात महिन्यांनी पुन्हा एकदा घरात आला. ते होते तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ वेगळा असायचा. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर त्यांच्याजवळ कोण थांबणार, आंघोळीला कोण घेणार, हॉस्पिटलला कोण नेणार. आता प्रश्न एवढाच होता, की वरदाच्या मेडिकलच्या अर्जात त्यांना कुठे बसवायचं.

अर्जाबरोबर आपल्याबद्दल लिहून द्यावं लागतं, पर्सनल स्टेटमेंट. मागच्या खेपेला तो एक सलग निबंध होता, यंदापासून त्याचे तीन प्रश्न झाले होते. हाच विषय का निवडला. शाळेतल्या अभ्यासाने काय तयारी झाली. आणि तिसरा, शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत, त्याचा उपयोग काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वरदाने सप्टेंबरातच लिहून टाकली होती. तिसरी चौकट रिकामी होती.

"आजोबा आहेत ना," अर्चना म्हणाली. वरदाची आई अर्चना कौन्सिलच्या ऑफिसात हाउसिंगचे अर्ज तपासायची. कुठल्या चौकटीत काय भरलं की काम होतं, हे तिला पाठ होतं. "अख्खा हिवाळा तू त्यांचं सगळं केलंस. असा एक्स्पीरियन्स कुणाकडे असतो?"

वरदाने लॅपटॉप मिटला आणि भांडी डिशवॉशरमध्ये लावायला घेतली.

हा तिचा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी चारही कॉलेजांनी नाही म्हटलं आणि त्यावर केमिस्ट्रीची एक ग्रेड घसरली. बरोबरच्या मुली आपापल्या युनिव्हर्सिटीच्या गावांना निघून गेल्या. त्यांच्या आयांनी गाड्यांच्या डिकीत उश्या, भांडी, मसाल्याचे डबे भरतानाचे फोटो टाकले. वरदा पिनरच्या घरात, आपल्या शाळकरी खोलीत, केमिस्ट्रीचं जुनं पुस्तक पुन्हा उघडून बसली. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर अर्चना "गॅप इयर घेतलंय" असं सांगायची, जणू मुलीने ते कुठल्याशा दुकानातून पसंत करून आणलं होतं.

आणि मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आजोबांचे डोळे पिवळे दिसायला लागले.

दीनानाथ आजोबा हे वरदाचे वडील सुयश यांचे वडील. वाईला पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. आजी गेल्यावर, वरदा शाळेत जायला लागली त्या वर्षी, ते देश सोडून इकडे आले आणि राहिले. सुयश हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, अर्चना ऑफिसात, त्यामुळे वरदाला शाळेत सोडणं-आणणं आजोबांकडे आलं. वरदाचं मराठीही त्यांचंच. "माझा पाठ दुखतो" म्हणायची ती. ते हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत. नुसतं बरोबर करून पुन्हा म्हणायचे, चालता चालता मुलाची कॉलर सरळ करावी तसं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत गेला होता. हे सुयशला आधी कळलं, मग अर्चनाला, मग वरदाला. आजोबांना सांगायचं नाही हे कुणी ठरवलं, ते सांगता येणार नाही. ते ठरवावं लागलंच नाही. म्हाताऱ्या माणसाला अशी गोष्ट सांगत नाहीत, हे त्या घरात चपला बाहेर काढण्याइतकं सरळ होतं.

पण इथले डॉक्टर पेशंटशीच बोलतात. पहिल्या भेटीला हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये सुयश आणि वरदा दोघंही बरोबर गेले. वरदाने व्हीलचेअर ढकलली. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. आजोबांना इंग्रजी उत्तम यायचं, रोजचा पेपर ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचायचे, पण कानाला यंत्र लावूनही त्यांना हळू बोललेलं ऐकू यायचं नाही. बाई खुर्ची पुढे ओढून त्यांना म्हणाल्या, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायला आवडेल?

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

सुयश त्यांच्या कानाशी वाकला. "विचारतायत, पुढचं सगळं माझ्याशी बोललं तर चालेल ना?"

आजोबा ताठ बसले. "ऑफ कोर्स!" ते बाईंना मोठ्याने म्हणाले. "माय सन इज अ डॉक्टर."

बाई हसल्या, त्यांनी तसं लिहून घेतलं. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही ज्यांना समजली अशी त्या खोलीत दोनच माणसं होती. त्यांतलं एक व्हीलचेअरच्या दांड्या धरून मागे उभं होतं. गाडीत परत येताना आजोबा खुशीत होते. "बाई चांगल्या आहेत हो. समजूतदार."

पित्ताच्या नळीत जाळी बसवली. कावीळ उतरली, दोन घास जास्त जायला लागले. "अडथळा होता, काढला," असं सुयशने त्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. हॉस्पिटलची पत्रं पेशंटच्या नावाने यायची. पोस्टमनची पाठ वळली की अर्चना ती उचलायची. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स घरी येऊ लागली, तिला अर्चनाने दारातच गाठून सांगितलं, हॉस्पिस हा शब्द आत उच्चारू नका प्लीज. नर्सने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बूट पुसून आत आली. दिवसभर आजोबांजवळ वरदा असायची. गॅप इयरला अचानक काम मिळालं होतं. अर्चना तिला म्हणायचीसुद्धा, "रोज दोन ओळी लिहून ठेव गं, पुढे उपयोगी पडेल."

आजोबांच्या पाच भावंडांपैकी आता दोघंच उरली होती, ते आणि वाईची थोरली बहीण सुप्रभा. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दोघं बहिरी माणसं एकमेकांवर ओरडत अर्धा तास आनंदात काढायची. त्या माघात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या की करतात तो सोहळा. आजोबा जानेवारीत जाणार होते. कावीळ झाली, जाळी बसली, आणि जाण्याचं नाव कुणी काढेना.

डिसेंबरात एका दुपारी वरदा त्यांची नखं काढत होती. बाहेर चार वाजायच्या आतच दिवे लागले होते.

"वरदा, एक विचारू?" आजोबा म्हणाले. "तुझ्या बाबाला विचारलं तर तो डॉक्टरसारखा बोलतो. तुझी आई सुनेसारखी बोलते. म्हणून तुला विचारतो. मी आत्ता जाऊ का सुप्रभाकडे, की उन्हाळ्यात गेलो तर चालेल?"

तिने करंगळीचं नख संपवलं.

"उन्हाळ्यात जा, आजोबा. आत्ता थंडी असतो."

"असते."

"असते. मेमध्ये तुम्ही अजून स्ट्राँग होणार."

"नक्की?"

"नक्की."

आजोबा हसले. दुसरा हात तिच्यापुढे करत म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे माझा. तुला मराठीत धड खोटं बोलता येत नाही."

त्या रविवारी त्यांनी बहिणीला ओरडून सांगितलं, मेमध्ये येतो. "मग मीही मेमध्येच करते," ती तिकडून ओरडली. "तू आल्याशिवाय मी कसला चंद्र बघते!" जानेवारीभर ती ठीक बोलली. फेब्रुवारीत तिने तिकीट काढलंस का विचारलं. आजोबा म्हणाले, सुयश काढणार आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेव्हा ती चिडली. "लेकाचं घर सोडवत नाही तुला, सरळ सांग ना. उगाच मे कशाला, नि जून कशाला?" आजोबा हसल्यासारखं काहीतरी म्हणाले, फोन वरदाच्या हातात दिला आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. तेव्हा ते खूप थकायला लागले होते. नंतरच्या रविवारी ते झोपलेले होते, त्याच्या पुढच्या रविवारीही. पाडव्याच्या आधीच ते गेले.

जूनमध्ये वरदाने केमिस्ट्रीचे पेपर दिले. ऑगस्टमध्ये ए मिळाला. अर्चना रडली आणि म्हणाली, आजोबा असते तर.

यंदा घरात फराळ नव्हता. वर्ष व्हायचं होतं. म्हणून दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मंजिरी डबे घेऊन आली. मंजिरी म्हणजे मंडळातली अर्चनाची मैत्रीण. तिचा अर्णव बर्मिंगहॅमला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि हे विसरू देणारी मंजिरी नव्हती.

"चकली जरा तिखट झालीय, सांभाळून," ती म्हणाली. "काय गं, कुठवर आलं स्टेटमेंट? बुधवारी शेवटची तारीख ना?"

"तिसरा प्रश्न राहिलाय," वरदाच्या आधी अर्चनाने सांगितलं.

"अगं, आजी-आजोबा म्हणजे सोनं! अर्णवने आमच्या नानांचा गुडघा घातला होता. नुसता गुडघा! ऑपरेशननंतर नानांना घेऊन बागेत चालायला जायचा, ते लिहिलं. चार दिवस गेला असेल मेला, पाचव्या दिवशी नाना एकटेच. पण घेतला की नाही? तुमच्याकडे तर—" इथे मंजिरीने जीभ चावली आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "म्हणजे, तू तर केवढं केलंस त्यांचं. शेवटी फक्त रिफ्लेक्शन हवं हं. काय शिकलीस ते. रडकं नको. रडक्याला घेत नाहीत."

"काय शिकले ते मला माहीत नाही, मावशी."

"माहीत कुणाला असतं? लिहायचं असतं."

त्या दिवशी संध्याकाळी सुयशने स्वतः बसून चार वाक्यं लिहिली आणि तिला पाठवली. त्यातलं शेवटचं असं होतं, की आजोबांच्या आजारपणात दुभाषी म्हणून काम करताना रुग्णाशी प्रामाणिक आणि संवेदनशील संवाद किती महत्त्वाचा असतो, हे मी शिकले. इंग्रजी सुंदर होतं. वरदाने ते चौकटीत टाकलं, दोनदा वाचलं आणि पुसलं.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपलं लिहिलं. सुयश कॉफीचा मग घेऊन तिच्या खांद्यामागून वाचायला लागला. तिने इंग्रजीत लिहिलं होतं ते असं: माझ्या आजोबांना आपल्या आजाराबद्दल जाणून घ्यायचं होतं. आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला सरळ विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. ते ज्या ठिकाणी जाऊ शकले असते, तिथे त्यामुळे गेले नाहीत. यातून मी काय शिकले ते मला अजून लिहिता येत नाही.

"हे काय आहे?"

"तिसरा प्रश्न."

"वरदा, हे वाचणारा माणूस पहिल्यांदा विचारेल, 'आम्ही' म्हणजे कोण?"

"म्हणजे आपण."

"मी इथला डॉक्टर आहे. रजिस्टर्ड." सुयशने मग खाली ठेवला. "त्यांना जो प्रश्न विचारला गेला, तो मी— आणि हे तू लिहून देणार? कॉलेजला?"

"क्लिनिकचं मी काहीच नाही लिहिलं, बाबा."

क्लिनिक हा शब्द दोघांमध्ये तेव्हापासून पहिल्यांदा निघाला. सुयश खुर्ची ओढून बसला. अर्चना सिंकपाशी मेथी धूत होती, तिने नळ बारीक केला.

"आणि सांगून काय झालं असतं गं?" ती न वळता म्हणाली. "माझ्या बाबांना सांगितलं होतं नागपूरच्या डॉक्टरने, तोंडावर. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत. कुणाशी बोलले नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही. तसं हाय खाण्यापेक्षा आजोबा इकडे पेपर वाचत, तुझी थट्टा करत गेले, काय वाईट झालं?"

"हाय खाल्ली असती नाहीतर विमानात बसले असते. ते त्यांना ठरवायचा होता."

"ठरवायचं होतं," अर्चना सवयीने म्हणाली. ही सवय तिची नव्हती.

मग सुयश म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं की मे मिळेल. मी हिशेब केला होता. मेमध्ये मी स्वतः नेणार होतो त्यांना." त्याने मगाचा कान बोटाने फिरवला. "मला दुसरं काय येतं? माणसाला कळू नये, दुखू नये, एवढंच काम मी जन्मभर केलंय."

वरदाने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग धरावा असा माणूस समोर दिसेना. केस पिकलेला एक मुलगा दिसत होता, ज्याचे वडील गेले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग आजोबांना काढते."

तिने त्या ओळी पुसल्या. त्यांच्या जागी चॅरिटी शॉपमधल्या शनिवारांबद्दल लिहिलं, फर्स्ट एडच्या कोर्सबद्दल लिहिलं. चौकट अर्धीही भरली नाही. लॅपटॉप तिने बापाकडे वळवला. सुयशने वाचलं, मग स्क्रीन वर सरकवून पुन्हा पहिल्या प्रश्नापासून वाचलं, काहीतरी हरवल्यासारखं.

"आणि माझे बाबा?" त्याने विचारलं.

"नाहीत."

"कुठेच नाहीत?"

"नाही."

"अगं, पण एक ओळ तरी... ज्या माणसाने तुला रोज शाळेत नेलं-आणलं—"

"कुठली ओळ घालू? तुम्ही सांगा."

सुयशने लॅपटॉपच्या कीबोर्डवर बोटं ठेवली. त्याला चांगली इंग्रजी वाक्यं सुचायची, पण त्या वेळी एकही सुचलं नाही. वरदाने अर्ज शाळेकडे पाठवून दिला. तिथून शिक्षकांचं पत्र जोडून तो पुढे जाणार होता. तिसरं उत्तर दुबळं आहे हे तिघांनाही कळत होतं. वर्षभर घरी बसून या मुलीने केलं काय, असं वाचणाऱ्याला वाटलं तर त्यात त्याची चूक नव्हती.

एवढ्यात तिचा फोन वाजला. रविवार होता. आजोबा गेल्यापासून सुप्रभा आत्याआजी तिलाच फोन करायची. व्हिडिओ तिला नको असायचा, तिला फक्त आवाज हवा असायचा.

"जेवलीस का गं?"

"अजून नाही, आत्याआजी. तुम्ही?"

"माझं कधीच झालं." मागे कुकरची शिट्टी झाली. "वरदा, एक विचारू?"

वरदा उठून उभी राहिली.

"दिनूला कळलं होतं का गं? मला इथल्या लोकांनी मागाहून सांगितलं, कॅन्सर होता म्हणून. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. आपण जाणार हे ठाऊक असून हा मला भेटायला आला नाही?"

सुयशला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण मुलीच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळलं. त्याने मान हलवली. अगदी थोडी, पेशंटच्या डोक्यावरून नर्सला खूण करावी तशी.

"नाही, आत्याआजी," वरदा म्हणाली. तिने आवाज चढवला, तिकडे ऐकू जावा म्हणून. "त्यांना माहीत नव्हता. आम्ही सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलेलं, आत्ता जाऊ का वाईला. मी म्हणाले उन्हाळ्यात जा. मला माहीत होतं आणि मी तसं म्हणाले."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"म्हणजे यायचं होतं त्याला," आत्याआजी म्हणाली.

"हो."

"आणि मी त्याला म्हटलं, लेकाचं घर सोडवत नाही तुला. ते माझं शेवटचं बोलणं." तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. वरदाला फोन कानात दाबावा लागला. "मला तरी सांगायचंत गं. मी त्याला बोलले नसते. मला येतं गप्प बसायला. पासपोर्ट नाही माझ्याकडे, मी काही आले नसते तिकडे. पण फोनवर दुसरं काही बोलले असते."

"आत्याआजी—"

"ठेवते आता."

वरदाने फोन टेबलावर पालथा ठेवला. अर्चनाने नळ बंद केला होता. हातातल्या मेथीचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

"काय म्हणाली आत्या?" सुयशने विचारलं.

काही नाही, बरी आहे, असं सांगता आलं असतं. त्या घरात तसंच सांगायची पद्धत होती, आणि ऐकणाऱ्यालाही तेच ऐकायचं असायचं. वरदा बापाच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"म्हणाल्या, म्हणजे यायचं होतं त्याला," तिने सुरुवात केली. "म्हणाल्या, मी त्याला म्हटलं, लेकाचं घर सोडवत नाही तुला, ते माझं शेवटचं बोलणं. म्हणाल्या, मला तरी सांगायचंत. मी त्याला बोलले नसते. मला येतं गप्प बसायला." ती थांबत थांबत, जसं ऐकलं त्याच क्रमाने बोलत होती. शब्द तिचे नव्हते, म्हणून की काय, एकही चुकला नाही. "म्हणाल्या, पासपोर्ट नाही माझ्याकडे. पण फोनवर दुसरं काही बोलले असते."

सुयशने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. तो त्या हातांकडेच पाहत होता.

"अजून काही?"

"ठेवते आता, म्हणाल्या."